विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की हे प्रश्न ठरल्यासारखे येतात. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे चालू भाव मुद्दाम दिलेले नाहीत, सकाळचा भाव संध्याकाळी शिळा होतो.

१. एकाच विमानात शेजारी बसलेल्या माणसाचं तिकीट माझ्यापेक्षा दोन हजारांनी स्वस्त कसं?

इकॉनॉमी हा एकच वर्ग दिसतो, पण विकताना कंपनी त्याचे बरेच भाव-गट पाडते आणि प्रत्येक गटात मोजक्याच जागा ठेवते. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा गट उघडतो. रेल्वेनं सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला लावलेलं फ्लेक्सी भाडं साधारण असंच चालतं: दहा टक्के जागा गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर. मात्र रेल्वेचं भाडं चढतच जातं, विमानाचं उतरूही शकतं. एखाद्या तारखेची विक्री मंदावली तर कंपनी बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडते. त्यामुळे मंगळवारी पाहिलेलं भाडं गुरुवारी कमी दिसलं तर त्यात नवल नाही. तसं होईलच याची मात्र खात्री नसते.

२. किती दिवस आधी तिकीट काढावं?

देशांतर्गत साध्या तारखांसाठी तीन आठवडे ते दोन महिने, परदेशासाठी दोन ते पाच महिने. हा ढोबळ अंदाज आहे. सणासुदीचं गणित वेगळं, ते प्रश्न ७ मध्ये.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बऱ्याच भाड्यांना 'प्रवासाच्या इतके दिवस आधी घेतलं तरच' अशी अट असते आणि ती बहुधा २१, १४ किंवा ७ दिवसांची असते. म्हणून पंधराव्या दिवशी दिसणारं भाडं तेराव्या दिवशी गायब होतं, विमान अर्धं रिकामं असलं तरी. आठवडाभराच्या आतलं तिकीट कंपनी गरजवंतासाठी राखून ठेवते. अचानक निघालेली मीटिंग असो की गावाकडून आलेला फोन, तो माणूस कितीही पैसे देईल हे तिला ठाऊक असतं. शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळेल, या आशेवर सहकुटुंब सहल बेतू नका.

फार आधी काढण्यातही फायदा असतोच असं नाही. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पुढच्या हंगामाचं तिकीट खूप लवकर काढलं तर उड्डाणाची वेळ बदलल्याचा मेसेज येण्याची शक्यता जास्त.

३. मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढलं तर स्वस्त पडतं म्हणतात. आणि मी पुन्हा पुन्हा शोधते म्हणून वेबसाइट भाव वाढवते का? इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) पाहू का?

तिकीट कोणत्या वारी काढलं याचा फरक नगण्य. प्रवास कोणत्या वारी केला याचा मोठा. मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळूर मार्गावर शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ महाग, मंगळवार-बुधवार आणि शनिवारची दुपार बरी. पहाटेचं पाचचं विमान बहुतेकदा स्वस्त असतं, फक्त त्यासाठी रात्री दोनला निघायची टॅक्सी हिशोबात धरा.

इनकॉग्निटोचा समज काही जात नाही. वाट पाहता पाहता भाडं वाढतं ते बहुधा त्या गटातल्या जागा संपल्यामुळे (प्रश्न १). कधी असंही होतं की शोधाच्या यादीतला भाव जुना असतो आणि क्लिक केल्यावर ताजा भाव येतो. खासगी खिडकीत पाहायला हरकत नाही, नुकसान काहीच नाही. पण तारीख एक दिवसानं सरकवून पाहिलीत तर त्याहून खूप जास्त हाती लागेल.

४. मग शोधायचं कुठे आणि घ्यायचं कुठून?

शोधायला गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर. गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता आणि भावाचा आलेख दिसतो, भाव बदलला की ईमेल येईल अशी सोय आहे. स्कायस्कॅनरवर तारखेऐवजी अख्खा महिना निवडता येतो. 'कुठेतरी जायचंय, कुठे ते स्वस्ताईवर ठरवू' अशा मंडळींना ठिकाण मोकळं सोडूनही शोधता येतं.

घ्यायच्या वेळी कंपनीची स्वतःची वेबसाइट आणि एक-दोन बुकिंग ॲप उघडून अगदी शेवटच्या, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा ताडून पाहा. ॲपवर बँकेच्या कार्डाची सवलत असते पण 'कन्व्हिनियन्स फी' माणशी आणि फेरीमागे लागते. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट असेल तर ती आठदा लागू शकते, आणि तिकीट रद्द केलं तरी सहसा परत मिळत नाही. फरक दोन-तीनशे रुपयांचा असेल तर सरळ कंपनीकडून घ्या. वेळ बदलली, नाव चुकलं, विमान रद्द झालं, तर मधला माणूस नसलेला बरा.

परदेशी वेबसाइटवरून परकीय चलनात पैसे भरणार असाल तर कार्डाचं मार्कअप (परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावरचा जीएसटी धरा. बऱ्याच कार्डांवर ते मार्कअप साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, तेवढ्यात बचत धुऊन निघते.

५. पहिल्या पानावर एक आकडा, शेवटच्या पानावर भलताच. काय काय काढून टाकता येतं?

कर आणि विमानतळाचं शुल्क काढता येत नाही. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के आहे. प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेसवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. म्हणजे 'थोडेच जास्त देऊन प्रीमियम घेऊ' या विचारात करही वाढतो.

बाकीचं तपासा. विम्याची खूण आधीच लावलेली आहे का? देणगी? जेवण? जागा निवडण्याचं पान वगळून पुढे जाता येतं, ते बटण जरा कोपऱ्यात असतं. लहान मुलं सोबत आहेत म्हणून जागेचे पैसे भरणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेनं) विमान कंपन्यांना सांगितलं आहे की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी.

बॅगेबाबत उलटं. ती लागणार हे माहीत असेल तर आधीच जोडा. देशांतर्गत साध्या भाड्यात सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली बॅग येते, पण काही 'लाइट' भाड्यांत चेक-इन बॅग मुळीच नसते. काउंटरवर वजन जास्त भरलं तर किलोमागे जे मोजावं लागतं त्यात स्वस्त तिकिटाची मजा संपते.

६. जवळचा विमानतळ सोडून दुसरीकडून गेलं तर खरंच वाचतं का?

वाचतं, आणि महाराष्ट्रात तर हा पर्याय बहुतेक जण पाहतच नाहीत. पण हिशोब घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा करायचा.

पुणेकरांचं उदाहरण घ्या. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथे प्रवासी उड्डाणांना मर्यादा आहेत आणि मागणी मात्र प्रचंड. परदेशी जाणाऱ्या थेट फेऱ्या मोजक्या, म्हणून पुणेकर वर्षानुवर्षं रात्रीची टॅक्सी करून मुंबईच्या सहार विमानतळावर जातात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. एक्स्प्रेसवेनं येणाऱ्याला मुंबईतून आरपार जावं न लागता तो गाठता येतो. पनवेल, उरण, अलिबाग, ठाण्याचा काही भाग यांनाही तो सोयीचा. शोधताना 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र दिसू शकतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. पैसे भरण्यापूर्वी कोड वाचा. जाताना एक आणि येताना दुसरा असं तिकीट काढून स्वतःची गाडी पार्किंगमध्ये ठेवणारे लोक आहेत.

गोव्यातही असंच. दाबोळी वास्कोजवळ, तर जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा पेडणे तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. मडगाव, काणकोणकडे मुक्काम असेल तर दाबोळी, हरमल-मोरजीकडे असेल तर मोपा. चुकीचा निवडलात तर गोव्यातल्या टॅक्सीचं भाडं ऐकून विमान स्वस्त वाटेल. सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या लोकांना मात्र मोपाचा मोठा आधार झाला आहे. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला फेरी नसेल त्या दिवशी मोपा पाहायचा.

कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडच्यांनी बेळगाव पाहावं. नाशिककरांनी ओझर आणि शिर्डी दोन्ही. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या आणि पुण्याच्या फेऱ्या, दोन्हींचे भाव एसटीच्या तिकिटासकट मांडून बघावेत.

७. गणपती, दिवाळी, ३१ डिसेंबर: या दिवसांत स्वस्त मिळतच नाही का?

नेमक्या त्या दिवशी, नाही. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत कोकण-गोव्याकडे आणि दिवाळीत पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या विमानाला कंपनीनं सूट द्यावी असं काही कारण नसतं. उलट दिशेचं विमान मात्र त्याच दिवशी रिकामं जातं. शक्य असेल तर आई-वडिलांनाच दिवाळीला शहरात बोलवा, त्यांचं तिकीट निम्म्यात होऊ शकतं. घरातल्यांची समजूत काढणं ज्याचं त्यानं बघावं.

सणासाठी अडीच-तीन महिने आधी घ्या, कमी होण्याची वाट पाहू नका. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. ते पहिल्या काही मिनिटांत भरलं की निराश झालेली सगळी गर्दी विमानाकडे वळते. त्या दिवसाच्या आधी तिकीट हातात असू द्या.

८. सरकार भाड्यावर मर्यादा का घालत नाही?

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाल्यापासून भाडं ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे. सरकार अपवाद म्हणूनच हात घालतं. कोविडकाळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत किमान-कमाल पट्टा होता. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या फेऱ्या मोठ्या संख्येनं रद्द झाल्यावर तात्पुरती मर्यादा आली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं.

छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेत मात्र निम्म्या जागांना साधारण तासाभराच्या उड्डाणासाठी २,५०० रुपयांची मर्यादा ठेवून सुरुवात झाली. २७ एप्रिल २०१७ ला सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. कंपनीला मिळणारी सरकारी मदत तीन वर्षांची असते, ती संपली की भाडं वाढतं किंवा फेरीच जाते. छोट्या गावच्या विमानावर लग्नाची तारीख बेतू नये.

९. आम्ही चौघं आहोत. एकत्र तिकीट काढावं की वेगवेगळं?

आधी एकाचं शोधा, मग चौघांचं. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील तर बऱ्याच ठिकाणी चौघांनाही वरच्या गटाचा भाव दिसतो. तसं असेल तर दोन-दोन करून काढा. पण लहान मुलं असतील तर प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस हवं, आणि विमान रद्द झालं तर दोन्ही जोड्यांना एकाच फेरीत बसवण्याची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीकडे ग्रुप भाडं विचारा. ते नेहमी स्वस्त नसतं, पण नावं नंतर देता येतात.

१०. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत घ्यावी का?

तुलना करून घ्या. सूट मूळ भाड्यावर असते, करांवर नाही. बरेचदा साध्या सेलचं भाडं त्याहून कमी निघतं. विद्यार्थी भाड्याचा खरा फायदा जादा सामानाचा, पहिल्यांदा हॉस्टेलला निघालेल्या पोराला तो उपयोगी पडतो. ओळखपत्र विमानतळावर दाखवावं लागतं, नाहीतर फरक भरावा लागतो.

११. जाऊन-येऊन एकत्र घ्यावं का? युरोपला एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतायचं असेल तर?

देशात स्वस्त कंपन्यांचं जायचं आणि यायचं भाडं वेगवेगळं मोजलं जातं, तेव्हा जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी घ्यायला काही हरकत नाही. लांबच्या परदेश प्रवासाला मात्र एकेरी तिकीट कित्येकदा परतीच्या तिकिटाच्या जवळपास जातं, तिथे एकत्रच घ्या.

युरोपसाठी 'मल्टी-सिटी' वापरा. मुंबई-लंडन आणि परत रोम-मुंबई असं एकाच तिकिटावर मिळतं, भाडं साध्या परतीच्या आसपास राहतं आणि पुन्हा लंडनला येण्याचा खर्च वाचतो. इथे क्रमाला महत्त्व आहे. ब्रिटनमधून बाहेर पडणाऱ्या प्रवाशावर सरकार एअर पॅसेंजर ड्युटी लावतं, भारताइतक्या अंतराला इकॉनॉमीतही ती शंभर पौंडांच्या आसपास असते. उतरताना ती नाही. म्हणून सहल लंडनपासून सुरू करा, लंडनला संपवू नका. तिथून पुढे रेल्वेनं पॅरिसला गेलात तर ही ड्युटी लागतच नाही.

१२. लेकीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत. दोन थांब्यांचं तिकीट चाळीस हजारांनी स्वस्त आहे. घेऊ का?

नका घेऊ. हे वाचवण्याचं ठिकाण नाही.

एक थांबा ठीक आहे, पण तो अमेरिकेच्या बाहेर असू दे. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतात तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून नेऊन पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. सोळा तासांच्या प्रवासानंतर, इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून, मग टर्मिनल बदलायचं, हे साठी-सत्तरीच्या माणसांना फार होतं. मुलगी राहते त्या शहरापर्यंत दुबई, दोहा किंवा युरोपातून थेट विमान आहे का ते आधी पाहा. अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या विमानतळावरच उरकतं, त्यामुळे पलीकडे उतरल्यावर रांग लागत नाही. बऱ्याच जणांना ते सोयीचं वाटतं.

थांब्याला तीन ते चार तास असावेत. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. आणि सामान बघा: या मार्गावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा धरायची सवय आहे, पण काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात आता एकच येते. डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीचं सामान एका बॅगेत मावत नाही.

परतीची तारीख बदलण्याची शक्यता अशा प्रवासात मोठी असते. बदलाचं शुल्क कमी असलेलं भाडं थोडं महाग असलं तरी घ्या.

१३. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडतंय. धोका काय?

पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आलाच नाहीत' असं धरते. पैसे गेले. बॅगाही मध्ये उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, आणि परदेशात त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा आला. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला, दोन्हींमध्ये रस्त्यानं जावं लागतं. नवी मुंबईत उतरून सहारहून पुढचं विमान असेल तर गर्दीच्या वेळी काय होईल याचा विचार करा. हा प्रयोग करायचाच असेल तर मध्ये एक रात्र ठेवा.

१४. पुणे-दिल्ली-लंडन तिकीट दिल्ली-लंडनपेक्षा स्वस्त आहे. मी दिल्लीत आहे, तिथूनच चढू का? किंवा उलट, मधल्या थांब्यावरच उतरून गेलो तर?

पहिलं अजिबात करू नका. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द होतात.

दुसरं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण कंपन्यांच्या अटींत ते निषिद्ध असतं. चेक-इन बॅग शेवटच्या ठिकाणी जाते, परतीचं तिकीट रद्द होतं आणि मार्ग बदलला तर थांबाच नाहीसा होतो. अमेरिकेत अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या वेबसाइटविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्सनं दावा लावला आणि २०२४ मध्ये ज्युरीनं नव्वद लाखांहून अधिक डॉलरची भरपाई मंजूर केली. तो दावा वेबसाइटविरुद्ध होता, प्रवाशाविरुद्ध नाही, पण प्रवाशाचे जमवलेले माइल्स (प्रवासाबद्दल मिळणारे बक्षीस गुण) कंपनी काढून घेऊ शकते.

१५. तिकीट रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही का? आणि काढल्यावर भाडं उतरलं तर?

मिळतं. डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं सेलच्या, 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरही परत द्यावी लागतात. रक्कम लहान असते म्हणून लोक मागतच नाहीत. न जाता तिकीट वाया गेलं असेल तरी मागा.

थेट कंपनीकडून घेतलेलं तिकीट, प्रवासाला पुरेसे दिवस बाकी असतील तर, सुरुवातीच्या काही तासांत शुल्काशिवाय रद्द करता येतं. हा अवधी बराच काळ २४ तासांचा होता. नियमांत फेरफार होत असतात, तेव्हा त्या दिवशीच्या अटी वाचा. भाडं उतरल्याचं याच अवधीत लक्षात आलं तर रद्द करून नवीन घ्या. नंतर लक्षात आलं तर आधी परताव्याचा आकडा पाहा, बहुतेक वेळा जुळत नाही.

परताव्यासाठी हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करू नका. खोटे नंबर टाकून ओटीपी काढून घेणारे टपलेलेच असतात. नंबर ॲपमधून किंवा तिकिटावरून घ्या.

१६. ओळखीचा एजंट वेबसाइटपेक्षा स्वस्त देतो. हे खरं असतं का?

असू शकतं. मोठे एजंट गर्दीच्या तारखांच्या जागा महिनोन् महिने आधी घाऊक घेऊन ठेवतात, त्याला 'सिरीज फेअर' किंवा 'फिक्स्ड डिपार्चर' म्हणतात. तारीख जवळ आली आणि जागा उरल्या की ते कमी भावात सोडतात. या तिकिटांवर तारीख बदलणं आणि रद्द करणं जवळपास अशक्य, आणि पीएनआर कधी कधी प्रवासाच्या थोडंच आधी मिळतो. पक्कं जायचं असेल आणि माणूस खात्रीचा असेल तरच घ्या. पावती मागा, पीएनआर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा.

१७. व्हिसा आला नाही तोवर तिकीट काढू का?

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्जासोबत प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं पक्कं तिकीटच हवं असं नाही. काढायचंच असेल तर रद्द करता येणारं भाडं घ्या. व्हिसा नाकारला म्हणून कंपनी पैसे परत करेल हे गृहीत धरू नका, ते भाड्याच्या अटींवर ठरतं.

१८. बाळ जाताना दोन वर्षांच्या आत आहे, येताना दोन पूर्ण होतील. तिकीट कसं काढायचं?

दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची जागा लागते, परतीच्या विमानातही. परदेश प्रवासात मांडीवरच्या बाळाचं भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के असतं, देशात ठरावीक रक्कम. वाढदिवस मध्ये येत असेल तर काही कंपन्या फक्त परतीला मुलाचं भाडं लावतात, काही पूर्ण प्रवासाला. वेबसाइट हे नीट हाताळत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीला फोन करा. जमत असेल तर परतीची तारीख वाढदिवसाच्या आधी आणा. केक घरी आल्यावर कापता येईल.